खाडीतलं औषध

नामा : म्हंजे आजबी नाय सोडनार माज्या पायात? मी सकालपास्नं वाट बगतंय, म्याडम. सिस्टर बोल्ली, तुमची पोरगी आज ते जंतू खानारे घेऊन येनार.

चित्रा : नामाभाऊ, जरा शांतपणे ऐकून घ्या. मी मुद्दाम लॅब सोडून स्वतः आले आहे. वर्षालीला म्हटलं, हे तू एकटीने सांगायचं नाही.

नामा : मंग वाईटच असंल. चांगली बातमी सांगाला मानूस एकला धावत येतो. वाईट सांगाला सोबत लागते.

वर्षाली : बाबा, असं नको ना बोलू.

नामा : बस तरी. उबी काय ऱ्हायलीस? स्टूल म्याडमला दे, तू हितं खाटेवर टेक. पायाला तेवडा धक्का नको लावू, बाकी सगली खाट तुजीच हाय.

वर्षाली : ताप आहे तुला?

नामा : हाय थोडा. डोकं जड हाय. ते ऱ्हाऊ दे. ती कमिटी नाय बोल्ली का?

चित्रा : नाही. समितीने हो म्हटलं. कुठलंच औषध तुमच्या पायाला लागू पडत नाही, तेव्हा विषाणू वापरून बघायला हॉस्पिटलची हरकत नाही, असं त्यांनी कळवलं. फक्त एक अट घातली होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही ती घातली असती. जखमेतला ताजा नमुना घ्यायचा आणि त्याच्यावर विषाणू शेवटचा एकदा तपासायचा.

नामा : मंग तपासला?

वर्षाली : हो.

नामा : नि?

वर्षाली : नाही झालं, बाबा. काहीच नाही झालं.

नामा : काय नाय झालं म्हंजे?

वर्षाली : तुला मी मोबाइलवर फोटो दाखवलेला, आठवतं? काचेची थाळी. त्याच्यात तुझ्या पायातले जंतू वाढवलेले, दुधावरच्या सायीसारखा थर आलेला. त्याच्यावर मी व्हायरसचा थेंब टाकला आणि जिथे टाकला तिथे सायीला भोकं पडली. एकदम स्वच्छ. तिथले जंतू मेलेले. ह्या वेळी भोकंच नाहीत. साय आहे तशीच्या तशी.

नामा : थेंब कमी पडला असंल. परत टाक.

वर्षाली : टाकला. परत परत टाकला. मॅडमनी पण त्यांच्या हाताने टाकला.

नामा : मंग तुजे ते मेले असतील. फ्रिजात ठेवतेस त्यांना. माशाची चव जाते फ्रिजात, हे तर केवडुसे.

वर्षाली : मेले नाहीत रे. तुझा जुना नमुना मी जपून ठेवलेला, त्याच्यावर टाकले तर आजही भोकं पडतात. म्हणूनच तर डोकं चालेना. जुन्याला मारतात. नव्याला हात लावत नाहीत.

नामा : नवा कोन? पाय तर तोच हाय माजा.

चित्रा : पाय तोच, पण आतला जंतू तो राहिला नाही. जुना आता थोडा उरलाय. त्याच्या जागी दुसराच कोणी तरी येऊन वाढलाय, आणि फार जोरात वाढलाय. हा विषाणू त्या दुसऱ्याला मारू शकत नाही.

नामा : का नाय मारनार? जंतू तो जंतू. कोल्ह्याला पापलेट मिलालं काय नि बोईट मिलालं काय, तो सोडतो व्हय?

वर्षाली : हे तसं नाहीये. बाबा, मी तुला हे नीट कधी सांगितलंच नाही ना?

नामा : कवा सांगनार? तू घरी येतेस तवा निम्मी झोपलेलीच असतेस.

वर्षाली : मग आता ऐक. हा व्हायरस जंतूपेक्षाही बारीक. हा खात नाही, वाढत नाही, ह्याला एकट्याला पोरंपण होत नाहीत. नुसता पडून असतो पाण्यात.

नामा : मेलेला?

वर्षाली : मेलेलापण नाही, जिवंतपण म्हणता येत नाही. वाहत वाहत कधीतरी तो जंतूला धडकतो. जंतूच्या अंगावर एक ठरावीक जागा असते. त्याच जागी ह्याचे पाय चिकटतात, दुसरीकडे नाहीत. चिकटला की शेपटी टोचतो आणि आपला धागा आत सोडून देतो. तो स्वतः बाहेरच राहतो, रिकामं टरफल.

नामा : धागा कसला?

वर्षाली : त्याच्यासारखा दुसरा कसा बनवायचा, ते सगळं त्या धाग्यात असतं. धागा आत गेला की जंतू आपली कामं विसरतो. ह्याचीच पोरं बनवायला लागतो, स्वतःचं अंग मोडून मोडून. अर्ध्या तासात आत गर्दी होते आणि जंतू फुटतो. शंभरेक बाहेर पडतात. ते पुढच्या शंभर जंतूंना धरतात.

नामा : बिचारा.

वर्षाली : कोण?

नामा : जंतू. माजा वैरी हाय तरी सांगतंय. कोनी घरात घुसून आपल्याच हातानं आपलं घर मोडाला लावायचं, असं मरन नको कोनाला.

चित्रा : सगळे मारतातच असं नाही. काही विषाणू आत जातात आणि गप्प बसतात. जंतूचे दोन झाले की त्याचेही दोन होतात. पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहतात, जंतूला पत्ता नसतो. वर्षालीला सर्वांत आधी सापडला तो तसला होता. त्याची भोकं धुरकट पडायची. तसला विषाणू माणसाच्या अंगात सोडायचा नसतो, उलट जंतूलाच बळ देऊन जाईल. मी तो टाकून द्यायला लावला. ही माझ्यावर रुसली होती.

वर्षाली : रुसले नव्हते, मॅडम. बाथरूममध्ये जाऊन रडलेले.

चित्रा : ते मला माहीत नव्हतं.

नामा : तर ह्या नव्या जंतूच्या अंगावर ती जागाच नाय. पाय ठेवाला.

वर्षाली : बरोबर. नाहीच आहे.

नामा : मंग दुसरा शोद. ह्या नव्याला खानारा बी असंल ना कुटंतरी?

वर्षाली : असेल. शोधायला, वेगळा करायला, वाढवायला, साफ करायला किती दिवस लागतात तुला माहितीये.

नामा : मी थांबतंय. इतके दिस थांबलो ना?

चित्रा : नामाभाऊ, थांबलात तेच नडलं आहे. तुम्ही आलात तेव्हा डॉक्टर दोन बोटं काढू म्हणाले होते. तुम्ही नाही म्हणालात. मग अर्धं पाऊल म्हणाले, तेव्हाही नाही. आज सकाळी माझं त्यांच्याशी बोलणं झालं. उद्याच ऑपरेशन, आणि गुडघ्याखालून. त्याच्या पुढे ते थांबायला तयार नाहीत. विष रक्तात उतरायला लागलंय. हा ताप त्याचाच आहे.

नामा : गुडग्याखालून.

चित्रा : हो.

नामा : म्याडम, तुमी डोंबिवलीला बिल्डिंगीत ऱ्हाता. रागावू नका, पन तुमाला नाय कलनार. होडीत उबं ऱ्हायचं तर ह्याच पायावर. हा पुडं रोवायचा, गुडगा फलीला टेकवायचा, मंग जालं हातात येतं. बसून कोन जालं वडतंय?

वर्षाली : बाबा, तू जगलास तर होडीचं बघू.

नामा : तू बगनार? तुना वल्हं धरता येत नाय.

वर्षाली : नाही येत. तू शिकव मग. पण उद्या नाही म्हणू नको. प्लीज. पाया पडते तुझ्या.

नामा : त्यातल्या कुटल्या?

वर्षाली : बाबा!

नामा : हस गो. तुजं तोंड बगवत नाय.

चित्रा : मला एक गोष्ट सारखी खटकते आहे. हा दुसरा जंतू आला कुठून? पायाला काटा लागला तो एकदाच.

नामा : शिंगाल्याचा. जाल्यातून काडताना पायावर पडला नि घुसला. ते तर कवाचं.

चित्रा : तेच म्हणते. त्यानंतर तुम्ही घरी आणि मग इथे. पट्टी सिस्टर बदलतात, हातमोजे घालून. हा जंतू वॉर्डातला वाटत नाही. इथल्या जंतूंची ओळख आहे आम्हाला. हा उघड्यावरचा आहे, घाण पाण्यातला. आणि सिस्टर म्हणत होत्या, यांची पट्टी दुपारनंतर ओली असते. ती कशाने?

नामा : घाम येतो.

चित्रा : पायाच्या पट्टीला?

नामा : आंगोलीचं पानी उडत असंल. तुमी पन म्याडम, पोलीस झालात जनू. केवडं उकडतंय, पंका पन नुसता नावाला फिरतोय. वर्षू, म्याडमला पानी तरी आन कुटनंतरी. घाम बग केवडा आलाय त्यांना.

चित्रा : हो, पाणी मात्र द्या. घसा कोरडा पडलाय.

वर्षाली : ही काय, खाटेखाली बाटली आहे ना भरलेली. घ्या मॅडम.

नामा : ती नको! ठेव ती! वर्षू, ती ठेव खाली!

वर्षाली : अरे, केवढ्याने ओरडतोस? काय झालं?

नामा : उष्टी हाय.

वर्षाली : सील तुटलंय, पण उष्टी कुठे, काठोकाठ भरलीये. बाबा, हे गढूळ आहे. थांब. वास... बाबा, हे खाडीचं पाणी आहे.

नामा : हलू बोल. सिस्टर आयकंल.

वर्षाली : खाडीचं पाणी इथे कशाला? बाबा, माझ्याकडे बघ. तू हे पायावर ओततोस?

नामा : थोडंसं.

वर्षाली : थोडंसं म्हणजे? रोज?

नामा : दुपारी सगली पेंगतात तवा. पट्टी वर करून, बोटांच्या वाटंनं आत सोडायचं. थोडंसंच. तुज्या आईनं आनलेलं.

चित्रा : अरे देवा.

नामा : देवाला काय बोलता, म्याडम? तुमचंच औषद ते. तुमची कमिटी बसली, कागद इकडं, कागद तिकडं. मी बोल्लो, त्यांची परमिशन येईल तवा येईल. आपन तवर थोडं थोडं सुरू करू.

चित्रा : वर्षाली, तू घरी काय सांगितलं होतंस?

वर्षाली : मी फक्त...

चित्रा : मी तुला बजावलं होतं. समितीचं उत्तर येईपर्यंत घरी अक्षर बोलायचं नाही. मी काय उगाच बोलले होते?

नामा : तिला नका वरडू. तिचा काय गुना? आयका, मी सांगतो. त्या दिवशी ही दारातच चपला टाकून आत आली. बाबा, सापडला! आपल्याच खाडीत सापडला! तुज्या पायाचं औषद आपल्या बांदाखाली हाय! असं नाचत व्हती. आईनं बोंबलाचं कालवन चुलीवर ठेवलेलं, ते करपलं, तरी कोनी कायबी बोल्लं नाय. सगली आली जमली. शेजारचा धाकू बोल्ला, नामा, आयुष्यभर खाडीची चाकरी केलीस, आता खाडीच तुना औषद देते. मी पोरीला इतकं हसताना कवा बगितलंच नव्हतं, म्याडम. इस्पितलात आलो तरी तेच कानात व्हतं.

वर्षाली : मी असं बोललेले?

नामा : अक्षर न अक्षर.

वर्षाली : मी पुढचं बोललेच नाही मग. पुढचं सांगायला हवं होतं.

नामा : पुडचं आमाला ठाऊक हाय ना. आमच्यात पयल्यापास्नंच जखम झाली की पाय भरतीच्या पान्यात धरायचा. ओहोटीच्या नाय. ओहोटी घान घेऊन जाते, भरती सोच्छ आनते. माज्या बापाचा अंगठा कोयत्यानं फाटलेला, तो असाच बरा झाला. मी बोल्लो, म्हातारं खोटं सांगत नव्हतं. आता शिकलेली लोकं पन तेच बोलतात.

वर्षाली : आजोबांच्या वेळची खाडी राहिली का, बाबा? आता भरती तीच घाण परत घेऊन येते. वरची सगळी गटारं, सगळ्या टॉवरचे संडास तिथेच उतरतात. तुला वाटतं, मला तो व्हायरस खाडीत का सापडला?

नामा : खाडीत हाय म्हनून.

वर्षाली : तो तिथे आहे कारण तिथे जंतू आहेत! जिथे जंतू भरपूर, तिथे त्यांना मारणारे. मी स्वच्छ पाणी शोधायला गेलेच नव्हते. आम्ही मुद्दाम सगळ्यात घाण जागा बघतो. बांधाखाली नाला पडतो ना, तिथलं पाणी आणलेलं मी. नाक धरून.

नामा : नाल्याचं?

वर्षाली : हो. आणि ते पाणी तसंच नाही वापरलं. इतक्या बारीक गाळणीतून काढलं की जंतू सगळे वर अडकले आणि फक्त व्हायरस खाली आले. मग त्यातला तुझ्या जंतूला मारणारा एकच वेचून काढला. मग तोच वाढवला. महिने गेले त्याच्यात.

नामा : बारीक डोल्याचं जालं.

वर्षाली : हो.

नामा : मोटी मासली जाल्यात, जवला खाली निसटला. तुना जवला पायजे व्हता.

वर्षाली : हो, बाबा. आणि बाटलीत सगळं आलं. जवळापण आणि... सगळंच.

नामा : मी ते पायात ओतलं.

वर्षाली : हो.

नामा : म्हंजे तुजा तो एक औषदाचा नि बाकी सगले हे नवे.

चित्रा : औषधाचा होता की नाही, तेही सांगता येत नाही. एका बाटलीत असेलच असं नाही.

नामा : मंग पाय मीच घालवला.

वर्षाली : तू नाही. मी. मी घालवला.

नामा : गप.

वर्षाली : काय गप? दोन बोटांवर भागलं असतं. तू माझ्यासाठी थांबलास आणि माझं बोलणं ऐकून हे ओतलंस. मी एवढी शिकले आणि घरी येऊन काय सांगितलं? की औषध खाडीत आहे! मला स्वतःचीच चीड येते, बाबा. शाळेतल्या पोराला कोणी असं सांगत नाही.

चित्रा : वर्षाली, पुरे. मघाशी मी तोडून बोलले, ते बोलायला नको होतं. पहिला विषाणू सापडला तेव्हा मी रात्रभर बहिणीला फोनवर तेच सांगत होते, तिला त्यातलं ओ की ठो कळत नसताना. ती बाटली मला दे.

वर्षाली : कशाला?

चित्रा : डॉक्टरांना दाखवते. पाण्यात काय आहे हे कळलं तर उद्याच्या ऑपरेशननंतर कुठलं औषध द्यायचं ते त्यांना ठरवता येईल. नाही तर ते अंधारात चाचपडत बसतील. नामाभाऊ, तुम्ही उद्याला हो म्हणताय ना? मला त्यांना तसं सांगायचं आहे.

नामा : अजून काय उरलंय नाय बोलाला? सांगा, कापा म्हनावं. गुडगा तेवडा ठेवा.

चित्रा : सांगते. मी इथेच आहे, त्यांच्या केबिनमध्ये. लागलं तर हाक मार, वर्षाली.

वर्षाली : हो मॅडम.

नामा : चांगली बाई हाय. चढ्या आवाजात बोलते, पन डोलं भरलेलं तिचं. गेली का?

वर्षाली : गेल्या.

नामा : मंग जवल ये. आता एक काम कर माजं. तुजी आई येईल आता. तिला हे पान्याचं नाय सांगायचं.

वर्षाली : आईला नाही सांगायचं?

नामा : आयक. ती रोज बाजारातनं दुपारी सुटते, घरी जाते, बांदावर उतरते, बाटली भरते नि रिक्षा पकडून हितं येते. तिचे गुडगे दुकतात, तरी. कोनी तिला सांगितलं नव्हतं. तीच बोल्ली, तुमाला जाता येत नाय तर मी आनते. मी घरी असताना पन तीच माजा पाय मांडीवर घेऊन पानी सोडायची. उद्या तिला कललं की त्याच पान्यानं पाय गेला, तर ती काय करंल? तू आपल्या आईला वलखतेस. ती आयुष्यभर तेच बोलत बसंल. जेवनार नाय, झोपनार नाय.

वर्षाली : पण बाबा, खोटं बोलायचं?

नामा : खोटं नको बोलू. गप ऱ्हा. जंतू आंगातला, कोनाला दोस? मी पाय गमावतोय, ते पुरं हाय घराला. मी तुज्याकडं कवा काय मागितलंय? एवडंच.

वर्षाली : ठीक आहे.

नामा : डोलं पूस. ती आली वाटतं, पयला आवाजच येतो तिचा.

(सरस्वती येते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.)

सरस्वती : काय मेला तो वाचमन! पिशवी उगड बोलतो. मी बोल्ली, मासे हायत, वास घे, पायजे तर! तवा सोडला. वर्षू, तू आज लवकर? जेवलीस का गो? नाय, तोंड सुकलंय. डब्यात भाकरी नि कालवन हाय, दोगांना पुरंल. तुमचा ताप कसा हाय?

नामा : हाय तसाच. बस जरा, दम खा.

सरस्वती : बसते. आज काय झालं माहीत हाय? बांदाजवल पानी लय घान दिसत व्हतं, वर फेस आलेला. मी बोल्ली, हे नको माज्या मानसाच्या पायाला. मंग धाकूला हाका मारल्या. त्यानं होडी काडली नि मना मदल्या धारेला नेलं. तिथनं भरलं. भरतीचं, ताजं! बग ना, केवडं निवल हाय आज. कालचं संपलं का? खाटेखाली बाटली दिसत नाय.

नामा : संपलं.

सरस्वती : आज जास्ती सोडलंत काय? बरं केलंत. वर्षू, ते तुजे औषदवाले कवा देनार ते? आज देनार बोल्लेलीस ना?

नामा : आयक, सरस्वती. डाक्टर उद्या आपरेशन करनार.

सरस्वती : कसलं?

नामा : पायाचं. गुडग्याखालून काडनार.

सरस्वती : काडनार म्हंजे? कापनार? नि ते औषद? वर्षू, तुजं औषद? एवडे दिस काय केलात तुमी?

वर्षाली : आई...

नामा : तिला काय इच्यारतेस? त्या औषदाला उशीर झाला. जंतू पुडं गेला. पन म्याडम आल्या व्हत्या आत्ता, त्या काय बोल्ल्या ठाऊक हाय? बोल्ल्या, मांडीतूनच जायचा व्हता पाय. गुडगा वाचला तो नशीब. मी बोल्लो, नशीब कसलं? माज्या बायकोनं पानी आनलं, तिनं आडवला.

सरस्वती : खरं बोल्ल्या म्याडम?

नामा : मंग! तुज्या पान्यानं गुडगा वाचला.

सरस्वती : तुमचं मी नाय मानत. मना बरं वाटावं म्हनून तुमी कायबी बोलता, लगीन झालं तवापास्नं तेच. वर्षू, तू बोल. तू शिकलीस ते मना कलत नाय, पन तू खोटं बोलनार नाय. माज्या पान्यानं झालं?

नामा : बोल ना, पोरी. आई इच्यारते.

वर्षाली : हो, आई.

सरस्वती : असंल. असंल बाय माजी. मना वाटतच व्हतं. रोज पानी भरताना मी खाडीला हात जोडायची, बोलायची, ह्यांच्यासाटी आन, माज्यासाटी नको. पाय गेला तर गेला. मानूस हाय ना! होडी धाकूचा पोरगा चालवंल. तुमी काठावर बसून शिव्या द्या, त्यात तुमाला कोन हरवनार?

नामा : तेच बोलतोय मी.

सरस्वती : मी रडत नाय, डोल्यात धूल गेलीय. आयका, कापल्यावर ती जखम तर केवडी मोटी असंल. एका बाटलीनं काय होतंय? मी धाकूला आत्ताच सांगून ठेवलंय, उद्यापास्नं दोन दोन आनायच्या. मदल्या धारेचंच.

नामा : नको. उद्यापास्नं नको. सिस्टर लय कडक हाय हितली.

सरस्वती : सिस्टरच्या नकलत आनीन. एवडे दिस आनलंच ना? तुमी झोपेत असाल तवा मी सोता पट्टी वर करून सोडीन.

नामा : मी नको बोल्लो ना!

सरस्वती : का नको? गुडगा वाचला बोल्लात, नि आता नको? माज्या हातानं तुमचा जीव वाचतोय तर मी घरी बसू? वर्षू, तू सांग तुज्या बापाला.

नामा : वर्षू, तू काय बोलू नको.

वर्षाली : नाही जमणार, बाबा.

सरस्वती : काय नाय जमनार?

वर्षाली : आई, ती बाटली खाली ठेव. इथे ये, माझ्याजवळ बस.